शीळ

पुंता अरेनासच्या वाऱ्यात
आज्ञा टिकत नाही.
मी म्हणते, "बस!"
आणि शब्द सामुद्रधुनीकडे उडून जातो.
तिस्नादो बघत राहतो,
माझ्याकडे नाही, उडालेल्या शब्दाकडे.

नऊ वर्षांचा आहे. त्यातली आठ
माझ्या बापाबरोबर मेंढ्यांमागे गेली.
आता बाप वृद्धाश्रमात, मेंढ्या दुसऱ्याच्या,
आणि हा माझ्या पत्र्याच्या घरात,
जिथे हाकण्यासारख्या फक्त तीन खुर्च्या.

पहिल्याच आठवड्यात त्यानं फस्त केलं:
डाव्या पायाचे तीन बूट
(उजव्यांना तोंडही लावलं नाही),
दाराची अर्धी चौकट, विजेचं बिल.
मी खेकड्यांच्या कारखान्यात गेले
की मागे रडतो म्हणे.
"रडत नाही गं," शेजारची ओर्तेन्सिया सांगते,
"गळा काढतो. पाच ते सात. रोज."
बेल वाजली की दारावर झेप,
दार उघडलं की पाहुण्याच्या छातीवर दोन पाय.
गॅसवाला आता सिलिंडर फाटकाबाहेर ठेवतो
आणि पावती खिडकीतून फेकतो.
फिरायला मी त्याला नेत नाही.
दोरीच्या एका टोकाला तो असतो,
दुसऱ्या टोकाला मी, जमेल तशी.

रविवारी शाळेच्या जिममध्ये यास्नाचा वर्ग.
खिशात सॉसेजचे तुकडे, चेहऱ्यावर धीर.
"चूक कुत्र्याची कधीच नसते," ती म्हणाली,
आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मग मी दोरी सोडली. सोडायला सांगितली होती.
तिस्नादो पोट जमिनीला टेकवत निघाला,
एक वळसा, दुसरा वळसा,
कुणाला चावला नाही, भुंकला नाही,
नुसतं रोखून बघत गेला.
दहा मिनिटांत बास्केटबॉलच्या रिंगखाली
सात कुत्री, नऊ माणसं आणि यास्ना
एकमेकांना चिकटून उभी.
सॉसेज तिच्या खिशातच राहिलं.
तो समोर आडवा झाला, जीभ बाहेर.
इतका समाधानी मी त्याला पहिल्यांदाच पाहिला.

पालथ्या घड्यावर पाणी, मी बापाला सांगितलं.
बाप खिडकीत होता, कुत्रा बाहेर कुंपणाला बांधलेला;
आत आणायला बंदी आहे.
"तू त्याला म्हणतेस तरी काय?"
बस म्हणते. थांब म्हणते. नको म्हणते.
बाप हसला, कवळी नसलेल्या तोंडानं.
"मी त्याच्याशी कधी बोललोच नाही."

मग त्यानं दोन बोटं तोंडात घातली.
गाल फुगले, मान ताठ झाली,
आणि बाहेर आली नुसती हवा.
पुन्हा. नुसती हवा.
कुंपणाशी तिस्नादोनं कान टवकारले,
मग पाडले.
बापानं बोटं पायजम्याला पुसली,
म्हणाला, "जीभ अशी मागे दुमड. आता तू."

तीन आठवडे मी फुंकत होते.
कारखान्यात, न्हाणीघरात, बसथांब्यावर,
खेकड्यांचा वास न जाणारी बोटं ओठांत धरून.
बायका हसायच्या: "नेलिदा, चहा गार करतेस का?"

मंगळवारी संध्याकाळी दोरीचं कडं तुटलं.
चौकात बस वळत होती,
आणि याला ती कळपातून फुटलेली मेंढी वाटली असावी.
मी ओरडले नाही. ओरडायला वेळच नव्हता.
बोटं आपोआप वर गेली
आणि काहीतरी निघालं, चिरकं, वाकडं,
पण वाऱ्याला चिरत गेलेलं.

तो रस्त्यावर सपाट पडला.
बस करकचून थांबली. ड्रायव्हरनं शिवी दिली असणार,
काचेआडून ऐकू आली नाही.

हळूहळू त्यानं मान वळवली.
माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं
आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे,
टेकडीवर चढणाऱ्या रिकाम्या रस्त्याकडे
बराच वेळ शोधत राहिला.

मी पट्टा धरून त्याला उठवलं.
घरी येताना दोरीला गाठ मारली होती.
ओढायचं ते त्यानं ओढलंच.